लाटव्हियन शिकायला इंग्लिशमार्गे कशाला जायचं? एका खिशातल्या पुस्तकाचा रिव्ह्यू

इंग्लिशवरून लाटव्हियन बोलायला शिकवणारं हे वाक्यांचं पुस्तक खिशात मावतं, बाइंडिंग मजबूत आहे, कागद जाड असल्यामुळे थंडीत हातमोजे घालूनही पान उलटतं, मागे क्यूआर कोड आहे तो स्कॅन केला की ऑडिओ ऐकू येतो. आणि एवढं सगळं असूनही मी याला पाचपैकी तीनच स्टार देणार आहे. का ते सांगते. आणि लांबलचक सांगते, कारण रीगाला, म्हणजे लाटव्हियाच्या राजधानीत, शिकायला किंवा नोकरीला येणारी आपली बरीच मंडळी हल्ली ग्रुपवर विचारत असतात की भाषेसाठी काय घेऊ. पुस्तकाचं नाव लिहीत नाही, अशी चार-पाच पुस्तकं दुकानात शेजारी शेजारी उभी असतात आणि आतून सगळ्यांचा साचा एकच, डावीकडे इंग्लिश वाक्य, मध्ये लाटव्हियन, उजवीकडे उच्चार तोही इंग्रजांच्या पद्धतीने लिहिलेला. त्यामुळे हा रिव्ह्यू त्या साच्याचाच समजा.

मी मुख्यतः पहिला चॅप्टर वापरला, तो म्हणजे शिष्टाचाराची वाक्यं. प्लीज, थँक यू, सॉरी, एक्सक्यूज मी, कुड यू प्लीज, वुड यू माइंड वगैरे. हॉटेल, एअरपोर्ट, कपडे धुणे हे चॅप्टर मी चाळून सोडून दिले, मेन्यूची यादी ठीक आहे, बटाट्याचे आणि डुकराच्या मांसाचे प्रकार ओळखायला उपयोगी, व्हेज लोकांनी ते पान आधी पाठ करा.

आधी चांगलं. लूजु हा शब्द पुस्तकाने नीट हाताळलाय. पहिल्याच पानावर चौकट देऊन सांगितलंय की हा एकच शब्द प्लीजलाही, थँक यूच्या उत्तरालाही, वस्तू हातात देताना ‘हे घ्या’ म्हणूनही, दारात ‘या ना आत’ म्हणूनही, आणि ऐकू नाही आलं तर प्रश्नार्थक सूर लावून ‘काय म्हणालात’ म्हणूनही चालतो. दुकानातली बाई काउंटरवरून नुसतं ‘लूजु?’ म्हणते तेव्हा ती ‘बोला, काय हवंय’ असं विचारत असते. हे खरंच तसंच आहे, पहिल्या आठवड्यात एवढ्या एका शब्दावर माणूस तगून जातो.

पण उच्चाराच्या रकान्यात त्या बिचाऱ्या इंग्लिश वाचकासाठी ड आणि झ जोडून कसरत केलीय आणि वर टीप टाकलीय की हा आवाज इंग्लिश शब्दाच्या सुरुवातीला येत नाही त्यामुळे सराव करा. अहो आपल्याला कसला सराव! जुना, जोर, जग यातला जो ज आहे तोच हा ज. ‘जुना’ मधला जु घ्या, आधी लू लावा, झालं लूजु. तसंच त्यांचं एक अक्षर चमच्यातल्या च सारखं आहे आणि दुसरं चहातल्या च सारखं, आणि दोन्ही वेगळी लिहितात. आपण दोन्हींना एकच च लिहितो आणि तरी बोलताना गडबड करत नाही. हिंदीवाल्या मैत्रिणीला हे जमायला वेळ लागला, मला नाही. पुस्तकाचा दोष नाही म्हणा, त्यांनी काही डोंबिवलीचा वाचक डोळ्यांसमोर ठेवला नव्हता.

शब्दात जोर कुठे द्यायचा याचे अपवाद मात्र पुस्तकाने चक्क गाळलेत, आणि ते नेमके याच चॅप्टरला लागतात. लाटव्हियनमध्ये शब्दाच्या पहिल्या भागावर जोर देतात, जवळजवळ नेहमी. पण जे शब्द दिवसभर तोंडात असतात तेच अपवाद निघतात. पल्दिएस म्हणजे थँक यू, त्यात जोर ‘दिएस’वर. लब्दिएन म्हणजे नमस्कार, त्यात ‘दिएन’वर. सकाळच्या आणि संध्याकाळच्या नमस्काराचंही तेच. कारण हे मुळात दोन दोन शब्द चिकटून झालेत, पल्दिएस हे ‘देव मदत करो’ याचं आखडलेलं रूप आहे. देवाला ते दिएव्स म्हणतात, दिवसाला दिएना, ऐकूनच आपल्याला ओळखीचं वाटतं ना, ही भाषा संस्कृतची लांबची नातलगच, जगात हिच्या घरातली आता लिथुआनियन आणि ही अशा दोनच जिवंत उरल्यात. पुस्तकात नियम दिलाय पहिल्या भागावर जोर द्या, आणि त्याच पानावर नियम मोडणारे शब्द, एका शब्दाची टीप नाही. ऑडिओ ऐकून कळतं पण जो ऑडिओ ऐकणार नाही तो ‘पल्’वर जोर देत फिरणार.

आता खरी तक्रार. इंग्लिशमध्ये सभ्यपणा म्हणजे शब्द वाढवत जाणं. गिव्ह मी असं म्हटलं की उद्धट, मग कॅन आय हॅव, मग कुड आय पॉसिबली, मग आय वॉज वंडरिंग इफ, वाक्य जितकं लांब तितका माणूस चांगल्या घरचा. कारण त्यांच्याकडे यू एकच, मित्राला तेच आणि साहेबांना तेच, मग आदर ठेवायचा कुठे, तर असा आजूबाजूला पसरून. लाटव्हियनमध्ये तसं नाही, तिथे तु आणि यूस आहे. तु म्हणजे चक्क तू, आणि यूस म्हणजे तुम्ही, संस्कृतातल्या यूयम्‌चा भाऊ. आदर क्रियापदात बसलेला असतो. साकि म्हटलं की ‘सांग’, साकिएत म्हटलं की ‘सांगा’. हे आपल्याला कुणी शिकवायला लागतं का? पण पुस्तक डावीकडून इंग्लिश वाक्य उचलतं आणि त्याचा प्रत्येक शब्द उजवीकडे नेऊन ठेवतं, आणि तु कुठे आणि यूस कुठे याची खूण करायला विसरतं! काही वाक्यं तु मध्ये आहेत काही यूस मध्ये, शेजारी शेजारी. इंग्लिश वाचकाला कळणार कसं की या वाक्याने आपण पासपोर्ट ऑफिसातल्या बाईंना अगं म्हणतोय. एवढ्या एका गोष्टीसाठी मी एक स्टार कापलाय आणि तो परत देणार नाही.

भाषांतराची ॲप वापरणाऱ्यांनीही इथे लक्ष द्या. इंग्लिश यू मध्ये तू की तुम्ही ही माहितीच नसते, त्यामुळे मशीनला अंदाज बांधायला लागतो. लाटव्हियाच्या सरकारचं स्वतःचं फुकट भाषांतराचं संकेतस्थळ आहे, ह्यूगो नावाचं, सरकारी पत्र आलं की ते लाटव्हियनमधून इंग्लिशमध्ये टाकून वाचायला मला आवडतं, पण उलट्या दिशेने, म्हणजे आपण लिहिलेलं इंग्लिश तिकडे पाठवायचं असेल तर कुठलंही ॲप असो, निकाल आला की आधी क्रियापदाचं शेपूट बघायचं, शेवटी ‘आत’ किंवा ‘इएत’ दिसलं की आदराचं आहे म्हणून पुढे जायचं. पत्रात आणि ईमेलमध्ये यूस चं पहिलं अक्षर मोठं लिहितात, मान म्हणून. सुरुवातीला नुसतं ‘लब्दिएन!’ चालतं, आणि शेवटी ‘आर त्सिएन्यु’ म्हणजे ‘आदरासह’, आपलं ‘आपला नम्र’ आहे ना ते. पुस्तकात ईमेलचं पानच नाही, फॅक्सचं आहे. फॅक्स!

बरं, ‘मला’ने सुरू होणारी वाक्यं. इथे मला सगळ्यात जास्त मजा आली आणि पुस्तकाने इथे सगळ्यात जास्त घोळ घातला. कॉफी हवी असेल तर पुस्तक सांगतं ‘एस वेलेतुओस काफियु’, म्हणजे आय वुड लाइक. बरोबर आहे, व्याकरणात बसतं, कुणी हसणार नाही. पण काउंटरवर रांगेत उभं राहून ऐका लोक काय म्हणतात. ‘मान, लूजु, काफियु.’ मला, प्लीज, कॉफी. संपलं. क्रियापद नाही, वुड नाही, लाइक नाही. मान म्हणजे मला, आणि या भाषेत आवडणं, दुखणं, असणं, लागणं सगळं या मला वरून चालतं, मान साप गाल्वा म्हणजे मला डोकं दुखतं, मान गार्शुओ म्हणजे मला चव आवडते. इंग्लिशवाल्यांना हे प्रकरण वेगळ्या चॅप्टरमध्ये तक्ते काढून शिकवलंय, मी चहाची म्हणून तो चॅप्टर अर्धाच वाचला आणि दुसऱ्या दिवशी ‘मान, लूजु, तेयु’ म्हणून चहा घेऊन आले. (चहा तेया असतो पण मागताना तेयु होतो, काफियाचं काफियु होतं, विभक्ती सात आहेत, आपण आठ पाठ करत आलेली माणसं, घाबरायचं नाही.)

सॉरीचं पान तर फाडूनच टाकावं असं आहे. इंग्लिशमध्ये सॉरी म्हणजे पायावर पाय पडला तरी सॉरी, कुणी गेलं म्हणून सांगितलं तरी सॉरी. पुस्तकाने दोन्ही सॉरी एकाच ओळीखाली टाकलेत आणि समोर ‘आत्वाइनुओयिएत’ लिहिलंय. म्हणजे ‘माफ करा’. आता कुणी सांगितलं माझी आजी वारली, आणि आपण म्हणालो माफ करा, तर समोरच्याने काय समजायचं? वाईट वाटलं हे सांगायला ‘मान ल्युओति झेल’ म्हणतात, पुन्हा मला वालं वाक्य, मला फार वाईट वाटतंय. मराठीतून विचार केला असता तर हा घोळ झालाच नसता, आपणही अशा वेळी माफ करा म्हणत नाही. आत्वाइनुओयिएत हे धक्का लागला, उशीर झाला, कुणाला थांबवून काही विचारायचंय, यासाठी. त्याहून मनापासूनचं ‘पिएदुओदिएत’, म्हणजे क्षमा करा. आणि कॉलेजातली पोरं सरळ सॉरी म्हणतात, ते तर जगभर चालू आहे.

एक्सक्यूज मी चं अजून एक. ट्राममध्ये दाराकडे जायचं असेल तर पुस्तकातलं वाक्य आहे ‘माफ करा, मी तुमच्या बाजूने पुढे जाऊ शकते का’ असं लांबलचक, ते म्हणेपर्यंत दार बंद. इथली माणसं पुढच्याला विचारतात, ‘यूस इस्काप्सिएत?’ तुम्ही उतरणार का? लोकलमध्ये दरवाज्यापाशी ‘ठाणा उतरणार का?’ विचारतो तसंच! तो उतरणार असेल तर आपण मागे थांबायचं, नसेल तर तो सरकतो, ना प्लीज ना सॉरी आणि तरी त्यात काही उद्धट नाही. हे वाक्य अख्ख्या पुस्तकात कुठेही नाही, मी रोज वापरते.

वुड यू माइंड इफ आय ओपन्ड द विंडो याचं भाषांतर मी इथे देतच नाही, सव्वा ओळीचं आहे. शुद्ध आहे, बरोबर आहे. यूर्माला या समुद्रकाठच्या गावाला जाणाऱ्या गाडीत उन्हाळ्यात खिडकी उघडायची असेल तर ‘द्रीक्स्त?’ एवढं म्हणून खिडकीकडे बोट दाखवा. चालेल का? समोरचा मान हलवतो. द्रीक्स्त हा शब्द मी पुस्तकात शोधला तर तो ‘येथे धूम्रपान करता येते का’ याच्यात सापडला, फक्त तिथे. पत्ता विचारायचा तर ‘साकिएत, लूजु, कुर इर...’ म्हणजे सांगा ना जरा, कुठे आहे अमुक. हे पण नाही पुस्तकात.

आणि या ‘जरा’वरून आठवलं, लाटव्हियन माणूस गोड बोलायला वाक्य लांब करत नाही, शब्द लहान करतो. मिनूते म्हणजे मिनिट, पण ‘मिनूतीति’ म्हटलं की मिनिटभर हं, एवढुसं. क्षणाला पण तसंच, ‘मिर्क्लीति’. दुकानात पिशवी हवी का विचारतात ते ‘माइसिन्यु?’, इवलीशी पिशवी असं काहीतरी. आडनावं पण अशीच, बेर्झिन्श हे इथलं अगदी कॉमन आडनाव, अर्थ छोटंसं बर्चचं झाड. यांच्या लोकगीतांत तर हे इवलेपण ठासून भरलंय, दाइना म्हणतात त्यांना, चार चार ओळींची, आपल्या जात्यावरच्या ओव्यांसारखी, क्रिश्यानिस बारोन्स नावाच्या माणसाने दोन लाखांच्या वर गोळा करून ठेवली, ज्या कपाटात त्या चिठ्ठ्या आहेत ते कपाट २००१ साली युनेस्कोच्या यादीत गेलं आणि आता नॅशनल लायब्ररीत आहे, तिकीट काढून काही बघायला जायचं असेल तर त्याच्या आधी हे बघा. तर सांगायचा मुद्दा, इंग्लिशमधल्या जस्ट अ मोमेंट, अ लिटल, इफ पॉसिबल याची जागा इथे हे शेपूट घेतं, आणि पुस्तकात या शेपटावर एक ओळसुद्धा नाही कारण इंग्लिशच्या डाव्या रकान्यात त्याला जागाच नाही.

कुणाला नावाने हाक मारायचं पान बरं आहे. मिस्टर, मिसेस नावाच्या आधी लावायचं नाही, मागे लावायचं, बेर्झिन्या कुंग्स, बेर्झिन्यास कुंद्झे, म्हणजे जोशी साहेब, जोशी बाई याच धर्तीवर. पुस्तकाने हे स्वच्छ सांगितलंय, त्याचे मार्क त्यांना. परदेशी नावांनाही हे लोक आपलं शेपूट लावतात हेही सांगितलंय, शेक्सपिअर इथे विल्याम्स शेक्स्पीर्स होतो आणि ट्रम्प होतो दोनाल्द्स ट्राम्प्स, तेव्हा आपल्या सचिनचा कुणी साचिन्स केला तर चिडवतायत असं समजू नका.

हाउ आर यू बद्दल मात्र पुस्तकाने धोक्याची सूचना द्यायला हवी होती. ‘का युम्स क्लायास?’ असं भाषांतर दिलंय, योग्य आहे, पण बिलाच्या काउंटरवर अनोळखी बाईला हे विचारू नका, ती खरंच विचारात पडेल की हिला माझ्या तब्येतीशी काय करायचंय. इथे लब्दिएन म्हणायचं, पल्दिएस म्हणायचं, निघताना ती म्हणते ‘याउकु दिएनु’, दिवस छान जावो, आपण म्हणायचं ‘पल्दिएस, युम्स आरी’, तुमचाही. बास. मधली शांतता भरायची नाही. हे लोक स्वतःच्या अबोलपणावर स्वतःच विनोद करतात, २०१८ च्या लंडन बुक फेअरला बाल्टिक देशांना मान होता तेव्हा लाटव्हियाच्या साहित्यवाल्यांनी ‘आम्ही इंट्रोव्हर्ट’ अशीच जाहिरात केली होती. आपल्याकडे जिन्यात भेटलं की कुठे निघालात, जेवलात का, हे चालतं, इथे जिन्यात लब्दिएन आणि खाली मान. सुरुवातीला मला वाटायचं शेजारच्या काकू रागावल्यात, नंतर कळलं की त्या सगळ्यांशीच अशा आहेत, आणि एकदा माझं पार्सल स्वतःहून घेऊन ठेवलं त्यांनी.

जेवताना मात्र अनोळखी माणूसही बोलतो. ऑफिसच्या किचनमध्ये डबा उघडला की येणारा जाणारा ‘लाबु आपेतीति’ म्हणतो. पुस्तकात इंग्लिश बाजूला फ्रेंच शब्द लिहून ठेवलाय कारण इंग्लिशमध्ये त्याला धड काही नाही, आपल्याकडे आहे की, सावकाश होऊ द्या! शिंक आली तर ‘उझ वेसेलीबु’, तब्येतीला म्हणून. ही दोन वाक्यं पुस्तकात छान छापलीत, ऑडिओपण स्पष्ट आहे.

सेंट्रल मार्केटसाठी वेगळं पान आहे म्हणून मी मोठ्या आशेने उघडलं होतं. ते मार्केट खरंच बघण्यासारखं, १९३० साली सुरू झालेलं, जर्मनांच्या झेपेलिन नावाच्या, गॅसवर तरंगणाऱ्या अवाढव्य हवाई जहाजांच्या शेडचे भाग वापरून पाच मोठे हॉल बांधलेत, मासे एकात, दूधदुभतं एकात. पानावर काय तर ‘हे कितीला’ आणि ‘फार महाग आहे’. फार महाग आहे हे वाक्य शिष्टाचाराच्या चॅप्टरमध्ये! तिथे लागतं ते ‘वाइ वार पागार्शुओत?’, चाखून बघू का? आंबवलेल्या कोबीच्या, काकडीच्या गाड्यावर हे विचारलं की मावशी काट्यावर तुकडा काढून हातावर ठेवतात. आणि मार्केटात बऱ्याच मावशी रशियन बोलणाऱ्या असतात, त्या रशियनमध्ये उत्तर देतात म्हणून गोंधळू नका, सुरुवात लब्दिएनने करा, पुढचं बोटांनी होतं.

सणावारांचं पान अर्धं आहे. नामदिन हा इथे मोठा प्रकार, प्रत्येक तारखेला कॅलेंडरवर नावं छापलेली असतात आणि त्या नावाच्या माणसाला ऑफिसात ‘दाउद्झ लाइमेस वार्दा दिएना’ म्हणतात, तो केक आणतो. फुलं न्यायची तर विषम संख्येत, सम फुलं अंत्यविधीला नेतात, हे पुस्तकाने ठळक अक्षरांत दिलंय ते चांगलं केलं. पण २२ मे लिहायला विसरले. ज्यांची नावं कॅलेंडरमध्ये नाहीत त्या सगळ्यांचा मिळून तो दिवस, म्हणजे आपला! ऑफिसात आधीच माहीत असतं, केकची तयारी ठेवा.

किंमत बारा युरोच्या आसपास, जुन्या पुस्तकांच्या दुकानात निम्म्यात मिळतं आणि ऑडिओ त्यावरही चालतो. घ्यायचं असेल तर तसंच घ्या, आणि घेतलंत की पेन्सिलने प्रत्येक वाक्यापुढे तू का तुम्ही ते लिहून काढा, कॉलेजातली एखादी लाटव्हियन मुलगी बसेल शेजारी तर एका कॉफीत होतं ते काम. डावा इंग्लिश रकाना झाकून मराठीत लिहिलंत तर अजून बरं, मी माझ्या कॉपीत तेच केलंय, कुणाला त्या पानांचे फोटो हवे असतील तर खाली सांगा.